मालिबूच्या वाळूत बस्टर कीटन

'बीच ब्लँकेट बिंगो' हा चित्रपट मुद्दाम वेळ काढून बघावा असा नाही, हे आधीच सांगून टाकते. १९६५ सालचा, अमेरिकन. समुद्रकिनारा, पोहायच्या कपड्यांतली पोरं-पोरी, गाणी, विमानातून छत्र्या घेऊन उड्या मारणारी मंडळी, मोटरसायकलवरची एक बावळट टोळी, आणि हे कमी पडलं म्हणून एक जलपरी. कथा विचाराल तर आहे, पण नसती तरी कुणाचं काही अडलं नसतं. मागच्या पावसाळ्यात बाहेर पडायची सोय नव्हती, तेव्हा तो लावून मी डुलक्या काढत बसले होते. मध्येच पडद्यावर एक म्हातारा वाळूतून धावताना दिसला. डोक्यावर बसकी चपटी टोपी, चेहऱ्यावरची सुरकुतीसुद्धा हललेली नाही. पुढे एक तरुणी पळतेय आणि हा तिच्या मागे. माझी झोप उडाली. तो बस्टर कीटन होता.

चार्ली चॅप्लिन आपल्याकडे घरोघरी पोचला. कीटन तेवढा पोचला नाही. पण मूकपटांच्या काळात या दोघांची नावं शेजारी शेजारी घेतली जायची, आणि आजही कीटनला कांकणभर सरस मानणारे जाणकार आहेत. असा माणूस, वयाच्या एकोणसत्तराव्या वर्षी, विशी-बाविशीतल्या पोरांच्या सुट्टीतल्या सिनेमात एका पोरीच्या मागे वाळू तुडवत धावतोय. खरं सांगते, मला लाज वाटली. त्याची की त्याला घेणाऱ्यांची, ते तेव्हा नीट कळलं नाही. त्या लाजेपायीच मी त्याचं सगळं आयुष्य शोधून वाचलं, मिळतील ते चित्रपट पाहिले. हा लेख त्यातून झालेला.

जोसेफ फ्रँक कीटन ४ ऑक्टोबर १८९५ रोजी कॅन्सस राज्यातल्या पिक्वा नावाच्या खेड्यात जन्मला. पिक्वा त्याचं गाव नव्हे. आईवडील फिरत्या खेळाच्या कंपनीत होते, कंपनीचा मुक्काम तिथे होता, म्हणून जन्म तिथे. पुढे मायरा आणि जो कीटन हे जोडपं व्हॉडव्हिलमध्ये आलं. व्हॉडव्हिल म्हणजे गाणं, नाच, जादू, कसरत, नकला असं सगळं एकाच तिकिटात. पोरगं तीन-चार वर्षांचं झालं नाही तोच तेही खेळात आलं आणि खेळाचं नाव पडलं 'थ्री कीटन्स'.

खेळ काय होता? तर बाप मुलाला शिस्त लावायला बघतो, मुलगा ऐकत नाही, मग बाप त्याला उचलून फेकतो. पडद्यावर फेकतो, वादकांच्या खड्ड्यात फेकतो, क्वचित प्रेक्षकांतही. फेकताना पकड नीट मिळावी म्हणून पोराच्या कोटाला पाठीमागे सुटकेसची मूठ शिवलेली असायची. लोक हसून लोटपोट व्हायचे. पोराच्या एक ध्यानात आलं होतं की पडल्यावर आपण हसलो तर लोक हसत नाहीत. आपण गप्प, गंभीर राहिलो तर मात्र थिएटर डोक्यावर घेतात. पुढे जगभर गाजलेला तो दगडी चेहरा इथे घडला, सहा-सात वर्षांच्या वयात, धंद्याची गरज म्हणून.

न्यूयॉर्कमध्ये मुलांच्या छळाविरुद्ध काम करणारी एक संस्था होती, ती या कुटुंबाच्या मागे हात धुऊन लागली. पोराच्या अंगावर वळ आहेत का हे बघायला त्याचे कपडे उतरवून तपासणी झाल्याचे किस्से सांगतात. वळ काही सापडले नाहीत. कीटन स्वतः मोठेपणी म्हणायचा की मला पडायचं कसं ते माहीत होतं, मार कधी लागलाच नाही. मी यावर पूर्ण विश्वास ठेवत नाही. पण हेही खरं की शाळेचं तोंड जवळजवळ न पाहिलेल्या या मुलाला जे काही शिक्षण मिळालं ते हेच. आपलं अंग हवेत असताना कुठला हात आधी टेकायचा, मान कशी वळवायची, हे त्याच्या हाडात भिनलं. आपल्याला पाढे येतात तसं.

बापाचं पिणं वाढत गेलं. नशेत फेकणाऱ्याचा नेम चुकतो, आणि या खेळात नेम चुकणं म्हणजे मुलाचा जीव. १९१७ साली खेळ मोडला. एकवीस वर्षांचा बस्टर न्यूयॉर्कला आला, आणि तिथे रॉस्को आर्बकल या लठ्ठ, गोड चेहऱ्याच्या विनोदी नटाने त्याला आपल्या सिनेमात घेतलं. सांगतात की पहिल्याच दिवसांत त्याने कॅमेरा मागून घेतला, खोलीवर नेला आणि सगळा खोलून पुन्हा जोडला. ही गोष्ट थोडी फुगवलेली असेलही, पण त्याचे सिनेमे पाहिले की पटते. यंत्र कसं चालतं याचं वेड त्याला शेवटपर्यंत होतं.

त्याच वर्षी आर्बकलबरोबर त्याने 'कोनी आयलंड' नावाचा छोटा चित्रपट केला. कोनी आयलंड म्हणजे न्यूयॉर्कजवळचा समुद्रकिनारा, तिथे झोके, घसरगुंड्या, पाळण्यांची जत्रा. वाळू, पोहायचे कपडे, पोरींच्या मागे धावणारे पुरुष, धक्काबुक्की, पाण्यात पडणं. थोडक्यात, किनाऱ्यावरची धमाल. आणि या चित्रपटात कीटन चक्क हसतो. खदखदून, सगळे दात दाखवून. दगडी चेहऱ्याचा नियम पडद्यावर अजून ठरला नव्हता. मी तो प्रसंग दोनदा मागे नेऊन पाहिला. बावीस वर्षांचं हसरं पोरगं आहे ते. हा चित्रपट पुढे लागणार आहे, म्हणून लक्षात ठेवा.

१९१८ मध्ये तो सैन्यात गेला, फ्रान्सला. कानाचा आजार घेऊन परतला, ऐकू कमी येऊ लागलं. १९२० पासून त्याचा स्वतःचा स्टुडिओ, स्वतःची माणसं. पुढची आठ वर्षं म्हणजे त्याच्या आयुष्यातलं सोनं. या वर्षांवर पुस्तकंच्या पुस्तकं लिहिली गेली आहेत, तेव्हा मी फार पाल्हाळ लावत नाही. 'वन वीक', 'अवर हॉस्पिटॅलिटी', 'शेरलॉक ज्युनिअर', 'द नेव्हिगेटर', 'द जनरल', 'स्टीमबोट बिल ज्युनिअर'. ज्यांनी एकही पाहिला नाही त्यांनी शेवटच्यापासून सुरुवात करावी. त्यात वादळाचा प्रसंग आहे. कीटन घरासमोर उभा आहे आणि घराची अख्खी दर्शनी भिंत त्याच्या अंगावर कोसळते. तो वाचतो, कारण वरच्या मजल्यावरची उघडी खिडकी नेमकी त्याच्या डोक्यावरून खाली येते. भिंत खोटी नव्हती. तिचं वजन दोनेक टन होतं असं सांगतात. खिडकी आणि खांदे यांच्यात काही इंचांचं अंतर. जमिनीत ठोकलेल्या खुणेवर पाय रोवून तो उभा राहिला, आणि भिंत पडली. 'शेरलॉक ज्युनिअर' करताना रेल्वेच्या इंजिनात पाणी भरायच्या नळाखाली तो लोंबकळला, पाण्याच्या लोंढ्याने खाली रुळावर आपटला, डोकं दुखत राहिलं, तरी काम चालू. बऱ्याच वर्षांनी एका डॉक्टरने एक्स-रे पाहून सांगितलं की मानेचं हाड कधीतरी मोडून आपोआप जुळलंय.

आणि या चित्रपटांत बाप आहे, हे मला फार उशिरा कळलं. पोराला भिरकावणारा जो कीटन. मुलाने त्याला आपल्या चित्रपटांत कामं दिली. 'शेरलॉक ज्युनिअर'मध्ये नायिकेचा बाप, 'द जनरल'मध्ये सेनापती. बापाविषयी मनात काय होतं कुणास ठाऊक, पण कामाला लावलं.

'द जनरल'वर त्याने पैसा पाण्यासारखा ओतला. जळत्या पुलावरून खरं इंजिन खाली नदीत पाडलं, एकाच दृश्यासाठी. आज तो जगातल्या उत्तम चित्रपटांत धरतात. तेव्हा लोकांना फारसा रुचला नाही, समीक्षकांनी नाकं मुरडली, पैसे परत आले नाहीत. १९२८ मध्ये कीटनने स्वतःचा स्टुडिओ सोडून एमजीएम या बलाढ्य कंपनीशी करार केला. नंतर तो स्वतःच याला आयुष्यातली सगळ्यात मोठी चूक म्हणायचा.

त्यापुढचं मी भराभर सांगते. कंपनीत कथा आधी लिहून हातात यायची, कीटनला मात्र आयुष्यभर सेटवर उभं राहून सुचलेलं करायची सवय. बोलपट आले. गंमत म्हणजे त्याचे हे वाईट बोलपट चांगले चालले, त्यामुळे कंपनीला तो चुकतोय असं कधी वाटलंच नाही. दारू वाढली, बापासारखीच. १९३२ मध्ये घटस्फोट झाला. दोन मुलगे आईकडे गेले, त्यांची आडनावंसुद्धा बदलली. १९३३ मध्ये कंपनीने काढून टाकलं. मग इस्पितळ, एक फसलेलं दुसरं लग्न, फालतू छोटे चित्रपट. तीस सालाच्या आसपास आठवड्याला तीन हजार डॉलर घेणारा माणूस त्याच कंपनीत काही वर्षांनी शंभर डॉलरवर दुसऱ्यांसाठी विनोद सुचवायला बसू लागला.

१९४० मध्ये एलेनर नॉरिस या नर्तिकेशी त्याने लग्न केलं. ती जवळजवळ तेवीस वर्षांनी लहान. हे लग्न टिकणार नाही असं लोक म्हणत होते. ते कीटन असेपर्यंत टिकलं. या बाईने त्याचा जीव वाचवला, असं माझं मत. त्याच्याबरोबर खेळात कामं केली, त्याला खायला घातलं, पत्त्यांत त्याच्याकडून हरली.

१९४९ मध्ये जेम्स एजी या समीक्षकाने 'लाइफ' मासिकात मूक विनोदपटांवर मोठा लेख लिहिला आणि लोकांना कीटन पुन्हा आठवला. पुढे कधीतरी त्याच्या जुन्या, घटस्फोटात गेलेल्या बंगल्यात राहणाऱ्या जेम्स मेसन या नटाला तिथे दडून राहिलेली त्याच्या चित्रपटांची रिळं सापडली. १९५७ मध्ये त्याच्या आयुष्यावर एक चित्रपट निघाला. चित्रपट टुकार होता. पण हक्कांचे पन्नास हजार डॉलर मिळाले, आणि त्यांतून लॉस एंजेलिसच्या वूडलँड हिल्स भागात घर आलं. घरामागे कोंबड्या पाळल्या, बागेत खेळण्यातली आगगाडी बसवली, तिच्यावरून पाहुण्यांना खाणं पोचवायचा. १९६० मध्ये मानाचा ऑस्करही मिळाला. म्हणजे १९६४ साली हा माणूस उपाशी नव्हता, विस्मरणातही नव्हता. किनाऱ्यावरच्या चित्रपटांत तो पोटासाठी नाइलाजाने गेला अशी जी हळहळ काही ठिकाणी वाचायला मिळते, ती मला म्हणूनच तितकीशी पटत नाही. काम आलं, तो गेला. वूडलँड हिल्सहून टेकड्या ओलांडल्या की पलीकडे मालिबूचा समुद्र.

आता या चित्रपटांविषयी. १९५९ मध्ये 'गिजेट' नावाच्या चित्रपटाने लाटांवर फळी घेऊन खेळणारी पोरं पडद्यावर आणली होती. अमेरिकन इंटरनॅशनल पिक्चर्स ही कंपनी तोवर भुताखेतांचे आणि गुंड पोरांचे स्वस्त चित्रपट काढायची. जेम्स निकल्सन आणि सॅम्युएल आरकॉफ हे तिचे मालक. त्यांचं गणित सोपं होतं: देशात तरुण पोरं पैशाला पासरी आहेत, त्यांच्या हातात गाड्या आहेत, गाडीत बसून सिनेमा बघायची ड्राइव्ह-इन थिएटरं आहेत, तेव्हा त्यांना हवं ते द्या. १९६३ मध्ये विल्यम ॲशरने 'बीच पार्टी' दिग्दर्शित केला. नायक फ्रँकी ॲव्हलॉन, गाणारा. नायिका ॲनेट फ्युनिसेलो, डिस्नेच्या मुलांच्या कार्यक्रमातून घरोघरी माहीत झालेली. तो एवढा चालला की मागोमाग 'मसल बीच पार्टी', 'बिकिनी बीच', 'पजामा पार्टी', 'बीच ब्लँकेट बिंगो', 'हाऊ टू स्टफ अ वाइल्ड बिकिनी' अशी रांगच लागली. दोन-अडीच वर्षांत हे सगळे.

या चित्रपटांत आईवडील नसतात. शाळा नाही, अभ्यास नाही, नोकरी नाही. फ्रँकीला ॲनेट हवी असते, ॲनेटला आधी लग्न हवं असतं, मग रुसवेफुगवे, मध्ये कुणीतरी तिसरी, शेवटी धावपळ आणि गोड शेवट. नावात बिकिनी असली तरी आत सगळं सोवळं. चित्रपट पटापट उरकायचे. 'बीच पार्टी'चं चित्रण वसंतात झालं, म्हणजे उन्हाळ्यात थिएटरात लागेल. तेव्हा पडद्यावर हसत लाटांत उड्या मारणारी पोरं प्रत्यक्षात कुडकुडत असणार. कॅलिफोर्नियाचं पाणी आपल्या मिरामारसारखं कोमट नसतं.

आणि एक रीत होती. प्रत्येक चित्रपटात कुणीतरी जुना, मोठा नट पाहुणा म्हणून आणायचा. 'बीच पार्टी'त व्हिन्सेंट प्राइस, पुढच्यात पीटर लोरी, त्यापुढच्यात बोरिस कार्लोफ. एका फटक्यात दोन कामं: पोरांना गंमत, आणि पोरांना सोडायला आलेल्या बापांना ओळखीचा चेहरा. या रांगेत १९६४ साली कीटन आला, 'पजामा पार्टी'त. हेरगिरी करायला मंगळावरून आलेला एक मुलगा, एक श्रीमंत म्हातारी, तिचे पैसे लुटायला टपलेली टोळी, आणि त्या टोळीत कीटन. भूमिका एका रेड इंडियन सरदाराची, नाव चेष्टेचं, बोलणं मोडकंतोडकं. पुढच्या वर्षी 'बीच ब्लँकेट बिंगो'त तो कीटन म्हणूनच आला. 'वाइल्ड बिकिनी'त बेटावरचा मांत्रिक. आदिवासींची अशी टिंगल आज बघवत नाही, आणि त्याचं समर्थन मी करणार नाही. पण ती त्याने लिहिलेली नव्हती.

माझी लाज मला नेमकी कुठे घेऊन गेली ते सांगायला हवं. माझे एक मामा तरुणपणी गावच्या जत्रेच्या नाटकात संभाजी करायचे. फोंडा तालुक्यात आमच्याकडे देवळापुढे रात्रभर नाटक होतं, हे गोव्याबाहेरच्या वाचकांसाठी सांगते. मामा स्टेजवर आले की मंडप गप्प व्हायचा म्हणे. मी बघायला लागले तेव्हा ते साठीत होते, आणि त्यांना खलिता घेऊन येणाऱ्या हुजऱ्याचं काम मिळायचं. यायचं, मुजरा करायचा, कागद द्यायचा, जायचं. मी आठवीत होते. वर्गातल्या मुली शेजारी बसलेल्या, त्यांना कळू नये म्हणून मी मान खाली घातली होती की हे माझे मामा. पण त्याच दिवशी दुपारी, जेवणं झाल्यावर, मी मामांना पडवीत पाहिलं होतं. एकटेच. पुन्हा पुन्हा तीन पावलं पुढे येत होते आणि वाकत होते. तिसरं पाऊल आणि वाकणं यांच्यात किती थांबायचं ते बघत होते.

हे आठवल्यावर मी 'बीच ब्लँकेट बिंगो'तले कीटनचे प्रसंग पुन्हा लावले आणि आवाज बंद केला. तुम्हीही करून बघा. गाणी गेली, आरडाओरडा गेला, फ्रँकी-ॲनेटचं भांडण गेलं, आणि उरला तो एक म्हातारा, त्याच्या स्वतःच्या जुन्या भाषेत. सगळी पोरं हात-पाय मिळेल तसे झाडत धावतात. हा धावतो तेव्हा पाठ सरळ, गुडघे वर, डोळे समोर. थांबतो तर सगळं अंग एकदम थांबतं. वाळूत धावणं किती कठीण ते आपल्याला सांगायला नको, पावलागणिक पाय खेचला जातो. त्यात एकोणसत्तरावं वर्ष, आयुष्यभराच्या सिगारेटी, मानेचं मोडलेलं हाड. तरी अंगाने हिशेब चुकवलेला नाही. पोरीच्या मागे लागलेला म्हातारा हा विनोद तसा हलका, जुनाट. पण हा म्हातारा तिच्याकडे बघतो ते अवघड गणिताकडे बघावं तसं, आणि त्यामुळे प्रसंगातली घाण निघून जाते. तिथे १९१७ सालचं कोनी आयलंड आहे. तीच वाळू, तीच धावाधाव, सत्तेचाळीस वर्षांनी. फक्त आता तो हसत नाही.

टोपीही तीच होती. ही टोपी बाजारात मिळायची नाही. चांगली फेल्टची टोपी घेऊन तिची उंची कापायची, कड साखरेच्या पाण्यात भिजवून ताठ करायची, असा त्याचा घरगुती उद्योग. चित्रपट करताना अशा टोप्यांवर टोप्या खराब व्हायच्या आणि तो नव्या बनवायचा. मालिबूच्या वाळूत दोन दिवसांच्या कामासाठी जरी बोलावलं असेल, तरी टोपी घरून तयार होऊन यायची.

आता एक तारीख बघा. 'पजामा पार्टी' ज्या १९६४ सालचा, त्याच सालच्या जुलैत कीटन न्यूयॉर्कला होता. सॅम्युएल बेकेट या नाटककाराने आयुष्यात एकच चित्रपट लिहिला, नाव 'फिल्म', आणि त्यातला मुख्य माणूस म्हणजे कीटन. बेकेट त्यासाठी अमेरिकेला आला, तोही आयुष्यात एकदाच. संपूर्ण चित्रपटभर कॅमेरा कीटनच्या पाठीमागे, चेहरा अगदी शेवटी दिसतो. ज्या चेहऱ्यावर त्याचं नाव झालं तोच लपवलेला. पटकथा कीटनला कळली नाही, आणि तसं त्याने लपवलंही नाही. तरी भर उन्हात सांगितलं तेवढ्या वेळा भिंतीला घासत धावला. आज विद्यापीठांत या 'फिल्म'वर प्रबंध लिहितात आणि 'पजामा पार्टी'चा उल्लेख तळटीपेतही करत नाहीत. कीटनच्या दृष्टीने दोन्हीकडे धावायचंच होतं. एकीकडे भिंतीलगत, दुसरीकडे वाळूत. त्याने दोघांत डावं-उजवं केल्याचं मला कुठे सापडलं नाही.

त्यानंतर तो कॅनडाला गेला. तिथल्या राष्ट्रीय फिल्म बोर्डासाठी 'द रेलरॉडर' नावाचा छोटा मूकपट केला. रुळांवरून धावणाऱ्या एका चिमुकल्या गाडीत बसून हा माणूस देशाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जातो. हा चित्रपट करतानाचा वेगळा माहितीपट निघालाय, आणि तो मूळ चित्रपटापेक्षा मला जास्त आवडला. त्यात एका उंच पुलाचा प्रसंग आहे. कीटनला सुचलंय की पुलावरून जाताना वाऱ्याने मोठा नकाशा आपल्या अंगाभोवती गुंडाळला जावा, म्हणजे आपण आंधळे आणि खाली दरी. तरुण दिग्दर्शकाला हे धोक्याचं वाटतं. कीटन चिडतो, खरंच चिडतो, मुलाने हट्ट धरावा तसा. एरवी शांत बसून पत्ते खेळणारा म्हातारा. शेवटी प्रसंग त्याच्या मनासारखा होतो.

तो चिडलेला चेहरा पाहिल्यावर माझी पहिली लाज मला जरा बालिश वाटू लागली. ज्या माणसाला कामात कमीपणा वाटतो तो पुलावरच्या नकाशासाठी भांडत नाही. तो सांगितलं तेवढं करतो, पाकीट घेतो आणि घरी जातो.

सप्टेंबर १९६५ मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात 'फिल्म' दाखवला गेला. कीटन स्वतः हजर होता. लोक उभे राहिले आणि टाळ्या थांबेनात. दोन महिन्यांपूर्वीच, जुलैत, अमेरिकेतल्या ड्राइव्ह-इन थिएटरांत तो मांत्रिकाच्या वेषात येऊन गेला होता. तिथे कुणी उभं राहिलं नसणार. गाडीत उभं राहता येत नाही.

त्या वर्षाच्या अखेरीस त्याने टोरांटोत एक शेवटचं काम केलं. 'द स्क्राइब', बांधकामावरच्या मजुरांना सुरक्षेचे नियम समजावणारा छोटा चित्रपट. विटा, फळ्या, शिड्या यांच्यामधून हिंडत तो कामगारांना जपून काम करायला सांगतो. दोन टनांच्या भिंतीखाली खुणेवर पाय रोवून उभा राहिलेला माणूस. हे काम त्याला देणाऱ्याला ती भिंत आठवत होती की नाही, कोण जाणे.

फुप्फुसाचा कर्करोग तोवर पसरला होता. आजार एवढा आहे हे त्याला शेवटपर्यंत सांगितलं नव्हतं असं म्हणतात. १ फेब्रुवारी १९६६ रोजी वूडलँड हिल्सच्या घरी तो गेला, सत्तर वर्षांचा होऊन. किनाऱ्यावरचे चित्रपटही त्याच वर्षी आटोपले. कंपनीने वारं ओळखलं आणि मोटरसायकलवाल्यांचे मारामारीचे चित्रपट काढायला घेतले.

त्याचा आणखी एक चित्रपट मात्र शिल्लक होता, स्पेनमध्ये चित्रित झालेला. 'अ फनी थिंग हॅपन्ड ऑन द वे टू द फोरम', प्राचीन रोममधला धुडगूस. त्यात कीटन एका वेंधळ्या म्हाताऱ्याचं काम करतो, ज्याला कुणीतरी बनवून सांगितलंय की रोमच्या सात टेकड्यांना सात फेऱ्या घाल, म्हणजे तुझं संकट टळेल. ऑक्टोबर १९६६ मध्ये तो अमेरिकेत लागला. कथेत बाकी गोंधळ चालू असतो, आणि मधूनमधून पडद्याच्या एका कडेने तो येतो, चेहरा न हलवता दुसऱ्या कडेने निघून जातो, पुढच्या फेरीला.